जैन, उपवास, ग्लुटेन, शुगर: स्पेशल जेवण वेगळं करूनही दर वेळी घोळ होतो? आधी डाव तपासा

मी केटरर नाही. सिंहगड रोडला आमची सोसायटी आहे, तिथल्या गणपतीच्या महाप्रसादाचं काम गेली अकरा वर्षं माझ्या गळ्यात आहे, साधारण १८० ते २२० पानं होतात. आणि एकदा एखादी बाई दोनशे पानांचं निभावते असं कळलं की मग भाच्याची मुंज, सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, नवऱ्याच्या ट्रेकिंग ग्रुपचं शिबिर, सगळीकडे "तूच बघ ना गं" सुरू होतं. आचारी आमचे ठरलेले आहेत, स्वयंपाक ते करतात. मी यादी, किराणा आणि भांडणं बघते.

आणि या सगळ्यात एकच बिघाड परत परत येतो. कुणाला जैन हवं, कुणाला उपवासाचं, कुणाला गहू चालत नाही, कुणाला दाणे, सगळं लिहून घेतो, वेगळं करतो, जास्तीचे पैसे घालतो, आणि तरी पंगत उठल्यावर कळतं की ज्याच्यासाठी केलं तोच नुसता दहीभात खाऊन गेला. पहिली काही वर्षं मी आचाऱ्यांवर चिडायचे. नंतर कळलं की पातेल्यातलं जेवण बहुतेक वेळा बरोबरच असतं, पातेल्यापासून पानापर्यंतच्या वीस पावलांत ते बिघडतं.

लक्षणं

यातली दोन जरी तुमच्याकडे दिसत असतील तर पुढचं वाचा.

- जैन भाजी बारा जणांची, यादीही बारा जणांचीच, तरी शेवटचे चार जण आले तेव्हा पातेलं खरवडलेलं.
- "आमच्यासाठी काय आहे?" असं विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सगळं व्हेजच आहे काका."
- ज्यांनी सांगितलं ते आलेच नाहीत आणि न सांगितलेले सहा जण उगवले.
- गहू चालत नाही म्हणून आठवणीने ज्वारीची भाकरी दिली आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचा फोन आला.
- तक्रार काहीच नाही, पण तेच दोघं-तिघं दर वर्षी "घरून जेवून आलोय" म्हणतात. हे लक्षण सगळ्यात वाईट, कारण ते दिसत नाही. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलेलं असतं.
- आचारी कढई खाली ठेवून म्हणतात, "ताई, एवढे प्रकार असतील तर सगळ्यांना हॉटेलात न्या."

आता तपासणी. फुकटातलं आधी, खर्चाचं आणि कटकटीचं शेवटी. क्रम मोडू नका, मी एकदा डायरेक्ट वेगळी शेगडी भाड्याने आणली होती आणि चूक निघाली यादीत.

१. तुम्ही विचारताय काय (खर्च शून्य)

"काही पथ्यपाणी आहे का?" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. मी आता दोन प्रश्न विचारते. काय चालत नाही? आणि ते चुकून पोटात गेलं तर काय होतं?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एकजण म्हणतो "काही नाही हो, आवडत नाही." दुसरा म्हणतो "व्रत मोडेल." तिसरी म्हणते "दोन दिवस पोट धरून बसते." आणि एखादाच म्हणतो "घसा सुजतो, मागे अ‍ॅडमिट केलं होतं." हे चार वेगळे ढीग आहेत. कारण असं की आचाऱ्याचं लक्ष शेवटी माणसाचंच, त्याला वीस सूचना एकाच आवाजात दिल्या तर "वांगं आवडत नाही" आणि "दाण्याने घसा सुजतो" याला तो एकच भाव देणार. माझ्या एका यादीत ४१ स्पेशल सूचना होत्या, प्रश्न दुसरा विचारल्यावर खऱ्या उरल्या अकरा. बाकीचे लोक वांगं बाजूला काढून ठेवतील, काही होत नाही.

शब्दांवरही जाऊ नका. मुंजीला एका पाहुण्याने "नट्स चालत नाहीत" असं कळवलं. मी ग्रेव्हीतले काजू काढले, शिऱ्यातले बदाम काढले, स्वतःवर खूश झाले. त्याला म्हणायचे होते शेंगदाणे! माझ्या डोक्यात नट्स म्हणजे काजू-बदाम, दाणा म्हणजे आपला रोजचा. त्याच्या बायकोने काकडीच्या कोशिंबिरीत कूट बघितलं आणि ताट ओढून घेतलं म्हणून वाचलो. आपल्याकडे कूट कशात नसतं? कोशिंबीर, भरली वांगी, फरसबीची भाजी, उपवासाची तर प्रत्येक गोष्ट, वरून पातळ भाजी घट्ट व्हावी म्हणूनसुद्धा टाकतात. म्हणून आता मी पदार्थ विचारते, "शेंगदाणा, काजू, तीळ, खोबरं, यातलं नेमकं काय?" तीळ मुद्दाम, कारण गोड्या मसाल्यात तीळ आणि खोबरं दोन्ही असतं आणि ते कुणाला आठवत नाही.

"जैन" हा पण एक शब्द नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं हे तर कुणालाच चालत नाही. पण वांगं, फ्लॉवर, मशरूम, मध याबद्दल घरोघरी वेगळं असतं. सुंठ आणि हळदपूड बहुतेकांना चालते, ओली हळद आणि आलं नाही. शेंगदाणा जमिनीत येतो तरी चालतो, हे आमच्या आचाऱ्यांना पटवायला मला दोन वर्षं लागली. आणि काहीजण चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही.

उपवासाचं तर विचारूच नका. आपल्या उपवासाला हळद, मोहरी, हिंग बंद, जिरं आणि हिरवी मिरची चालू, कोथिंबिरीवर घरागणिक वाद. विचारून घ्या. आणि एक काम कधीच करू नका, ते म्हणजे जैन आणि उपवासवाले एकत्र करून "दोघांना साबुदाणा खिचडी देऊ." खिचडीत बटाटा असतो. मी केलंय, म्हणून सांगतेय.

२. मेन्यूतून काढा, मेन्यूत घालू नका (खर्च शून्य, उलट वाचतात)

हे कळायला मला सगळ्यात उशीर झाला. प्रत्येक सूचनेसाठी एक जास्तीचं पातेलं चढवलं की पातेली वाढतात, डाव वाढतात, गोंधळ वाढतो. त्यापेक्षा मूळ स्वयंपाकच असा ठेवायचा की बहुतेक सगळ्यांना चालेल.

गणपतीत तर हे सोपं आहे. चातुर्मास चालू असतो, कांदेनवमीला कांदा-वांग्याचा निरोप घेतलेली मंडळी चंपाषष्ठीपर्यंत वांग्याकडे बघत नाहीत, नैवेद्याला कांदा-लसूण तसाही नसतो. आणि जैनांचं पर्युषणही याच सुमाराला येतं, दिगंबरांचं दशलक्षण पर्व तर ऋषिपंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे नेमकं आपल्या गणपतीचे दिवस. तेव्हा पुष्कळ जैन घरांतून हिरव्या भाज्या पण बंद असतात. मग मी दोनशे पानांना कांदा-लसणाची भाजी आणि बारा पानांना वेगळी असा उद्योग कशाला करू? आमटी चिंच-गुळाची, सगळ्यांना एकच. बटाट्याच्या भाजीऐवजी कच्च्या केळ्याची. दुसरी भाजी मोड न आणलेल्या मटकीची, तिला हिरव्याचा प्रश्न नाही, आणि वरून घालायची कोथिंबीर वेगळ्या वाटीत. मसालेभात तोंडल्याचा, पण पर्युषणात मटकीचाच. पहिल्या वर्षी दोन आजोबा कुरकुरले, "बटाटा नाही म्हणजे काय प्रसाद?" जिलबी आल्यावर गप्प बसले.

पनीरची ग्रेव्ही हवीच असेल तर टोमॅटो, काजू आणि मगज बी वाटून छान दाट होते, कांद्याची आठवण येत नाही. पण काजूवाला पाहुणा असेल तर दुधी वाफवून वाटा.

तूप, दही, कूट, खोबरं हे शेवटी आणि शक्यतो पानात. आमटीत कूट घातलं की परत काढता येत नाही, पानावर वाढायचं असेल तर नको म्हणता येतं. वीगन (दूध-दहीसुद्धा न खाणारा) पाहुणा असेल तर एवढ्यावर काम भागतं, फोडणी तेलाची आणि तूप वाटीत वेगळं. दूध पचत नाही अशा माणसाला चमचाभर तूप सहसा बाधत नाही, पण दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर तूपसुद्धा नाही, त्यात दुधाचा अंश राहतो. दोन वेगळी दुखणी आहेत, परत तोच दुसरा प्रश्न विचारा.

इथपर्यंत केलं तर निम्म्याहून जास्त यादी आपोआप मिटते.

३. पुडे वाचा (खर्च: चष्मा)

पुड्याच्या मागचं बारीक अक्षर. तयार मसाल्यांत कांदा-लसणाची पूड असते, पावभाजी मसाला घेतला आणि जैन पावभाजी केली असं होऊ शकतं. शंका असेल तर जिरं, धने, मिरी, दालचिनी घरी भाजून कुटा, वीस मिनिटांचं काम आहे.

पण खरा चोर हिंग आहे. आपण वापरतो तो बांधानी हिंग, शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे वरण-भात, ज्यात गव्हाचा काही संबंध नाही असं आपण छातीठोकपणे सांगतो, त्याच्या फोडणीतच गहू. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पुड्यावर लिहिलेलं असतं, नाही मिळाला तर त्या माणसाच्या वरणाला जिऱ्याची फोडणी द्या.

गव्हाची बाकी लपायची ठिकाणं मी पाठच केलीयेत. थालीपिठाची भाजणी (बहुतेक घरांत गहू घालतात), सातूचं पीठ, शेवया, कुरडई, सोया सॉस, कटलेटला लावलेला रवा. पाकिटावर अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची वेगळी ओळ छापलेली असते, गहू, दूध, शेंगदाणे, सोया वगैरे, ती शोधा. आणि तेल. रिफाइंड शेंगदाणा तेलात दाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, पण हल्ली सगळ्यांना आवडणारं लाकडी घाण्याचं तेल असतं त्यात राहतं. दाण्याची अ‍ॅलर्जी यादीत असेल तर मी सरळ सूर्यफूल घेते, डोक्याला ताप नको.

४. डाव, तेल, परात (खर्च: दोनेकशे रुपये)

सगळ्यात जास्त घोळ मला इथे सापडलाय.

आमच्या बी विंगमध्ये नववीतली एक मुलगी आहे, तिला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू पोटात गेला की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आणि त्याला चिमूटभरही पुरतो. पहिल्या वर्षी मी तिच्यासाठी ज्वारीची भाकरी सांगितली, तिने खाल्ली, दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. मी म्हटलं शक्यच नाही, भाकरीच होती. पुढच्या वर्षी मी भाकरी थापणाऱ्या मावशींच्या मागे जाऊन उभी राहिले. ज्वारीचं पीठ वेगळं होतं, पाणी गरम होतं, सगळं झकास. मावशींनी गोळा घेतला, थापला, अर्ध्यावर तो परातीला चिकटायला लागला, आणि डोळे दुसरीकडे, तोंडाने माझ्याशी गप्पा, हात आपोआप शेजारच्या पोळ्यांच्या परातीत गेला, कोरड्या कणकेची एक चिमूट आली आणि भाकरीखाली भुरभुरली. झालं. मावशींची काही चूक नाही, तीस वर्षांची सवय आहे त्या हाताला. पुढे विचारत गेले तर ज्वारी दळून आणली होती त्याच गिरणीतून, जिथे आधी कुणाचे तरी गहू दळले होते. आणि तवा तोच, ज्यावर पोळ्या.

तर इथे तपासायचं काय:

डाव. बुफेत जैन भाजी आणि साधी भाजी शेजारी असेल तर दहाव्या मिनिटाला डाव बदललेले असतात, पैजेवर सांगते. चिठ्ठ्या लावून बघितल्या, लोक चिठ्ठ्या वाचत नाहीत. मग मी तुळशीबागेतून दोन पितळी डाव आणले. स्टीलच्या गर्दीत पिवळा डाव उठून दिसतो आणि चुकून दुसऱ्या पातेल्यात पडला तर लांबून कळतं. स्पेशल पातेल्याला पितळी डाव, बाकी कशालाच नाही, हा नियम आता आमच्या वाढणाऱ्या पोरांनासुद्धा पाठ आहे.

तळणीचं तेल. शिबिरात सकाळी कांदाभजी तळली आणि संध्याकाळी त्याच कढईत पापड, तर ते पापड जैनांना चालत नाहीत. कुरडई तळलेल्या तेलातला साबुदाण्याचा पापड सीलिअ‍ॅकवाल्याला चालत नाही. तेल उकळलं की गव्हाचं किंवा दाण्याचं प्रथिन नाहीसं होतं, हा गैरसमज आचाऱ्यांपासून डॉक्टर नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना असतो, पण ते कितीही उकळलं तरी नाहीसं होत नाही. उपाय सोपा, स्पेशल आधी तळा, मग भजी.

हात आणि फडकं. सॅनिटायझरने जंतू मरतात, पीठ आणि कूट हाताला तसंच राहतं. साबण आणि पाणीच लागतं. लाकडी पोळपाट-लाटणं आणि जुना तवा कितीही धुतला तरी पीठ धरून ठेवतो, ज्याला कणभरही चालत नाही त्याच्यासाठी तो वापरू नका.

५. आधी काय शिजतं (खर्च: आचाऱ्यांची मनधरणी)

स्पेशल पहिलं. कांदा चिरायच्या आधी, कणीक मळायच्या आधी, कूट करायच्या आधी. शिजलं की झाकण, वर कापड बांधून लांब ठेवा. सगळे आचारी नेमकं उलट करतात, मोठं आधी उरकतात आणि "ते थोडंसं आहे, शेवटी करू" म्हणतात. शेवटी म्हणजे सगळं सगळ्याला लागून झालेलं असतं आणि माणूस दमलेला असतो.

यात एक तोटा आहे, तो सांभाळा. थोडं जेवण पटकन गार होतं. दोनशे माणसांची आमटी तासाभराने पण चटके देते, बारा जणांची भाजी कोमट होऊन बसते, आणि कोमट अन्नातच जंतू वाढतात. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर दोन तासांत संपला पाहिजे. मी घरचे दोन मोठे हॉटपॉट नेते. वाढायच्या आधी परत उकळी काढायची असेल तर तिथेच उभं राहा, कारण ढवळायला हाताला लागेल तो डाव घेतला जातो.

६. रांग आणि आकडा

बारा जणांची भाजी बाराजणांना का पुरत नाही? कारण "जैन पनीर" अशी पाटी लावली की सगळ्यांना ते चाखून बघायचं असतं. वेगळं आहे म्हणजे भारी असणार! लहान मुलं तर आधी तिथेच. त्यामुळे यादी दहा-बाराची असेल तर मी दीडपट करते, पन्नासच्या पुढे सव्वापट पुरतं. आणि पाटी लावतच नाही. स्पेशल पातेलं बुफेच्या रांगेत नाही, मागे टेबलावर, तिथे एक ठरलेला माणूस. त्याच्या हातात नावांची यादी. पाहुणे येतानाच दारात त्यांना सांगायचं, "तुमचं पान तिकडे आहे, त्या निळ्या शर्टवाल्याकडे."

तो माणूस कोण, हे महत्त्वाचं. उत्साही पोरगा नको, तो मैत्रिणी आल्या की जागा सोडतो. आमच्याकडे एक रिटायर्ड बँकेतले काका आहेत, यादीत नाव नसेल तर ते चेअरमनलासुद्धा पापड देत नाहीत.

पंगत असेल तर हे फार सोपं जातं, स्पेशलवाल्यांना आधी वाढायचं, मग बाकीच्या वाढप्यांना आत सोडायचं. आणि त्यांना कोपऱ्यात बसवू नका हो, त्यांच्या माणसांबरोबरच बसवा.

७. घड्याळ

काही सूचना पदार्थाच्या नसतात, वेळेच्या असतात, आणि आपण पदार्थ बदलत बसतो.

चौविहारवाल्या काकांना जैन भाजी केली आणि आरती लांबून जेवण साडेसातला सुरू झालं, तर त्या भाजीचा काय उपयोग? गणपतीच्या दिवसांत पुण्यात सूर्यास्त साधारण साडेसहा-पावणेसातचा. त्यांचं ताट सहाला तयार पाहिजे, आरती नंतर.

शुगरवाल्यांचं पण तेच. लोक त्यांच्यासाठी गुळाचं गोड करतात. अहो, गूळ म्हणजे साखरच आहे, रक्तात गेल्यावर त्याला काही फरक पडत नाही. त्यांना खरा धोका उशिराचा. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन माणूस बसलेला आणि भाषणं संपत नाहीत, मग घाम, थरथर, गरगरणं, चिडचिड. साखर ७० च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, मग जेवण. आणि असा माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. तेव्हा डायरेक्ट १०८.

८. वेगळी चूल (इथे पैसे लागतात)

वरचं सगळं करून भागत नसेल तरच. वेगळी शेगडी, वेगळी नवी कढई, वेगळा माणूस, आणि तोही वेगळ्या खोलीत, कारण पोळ्या लाटताना पीठ हवेतून उडतं. मंगल कार्यालयात हे जमणं अवघड, सोसायटीत कुणाच्या तरी घरचं स्वयंपाकघर मागून घेता येतं. आम्ही तेच करतो. तांदूळ घरी निवडून मिक्सरवर दळून त्याची भाकरी, म्हणजे गिरणीचा प्रश्न मिटला. अर्थात मिक्सरच्या भांड्यात कालच कुणी रवा फिरवला नसेल तर.

केटरर लावणार असाल तर "तुम्ही जैन करता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "जैन कुठल्या कढईत तळता", "हिंग कुठला वापरता", "भाकरीला वरून पीठ काय लावता" असं विचारा. जो थांबून विचार करतो तो बरा. फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर बिलावर असतो का तेही बघा.

कुठे थांबायचं

तीन बाबतींत मी आता सरळ नाही म्हणते.

एक, ज्याला पूर्वी अ‍ॅलर्जीने श्वासाचा त्रास झालाय असा पाहुणा आणि तोच पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात आहे. एक तर तो पदार्थ त्या दिवशी पूर्ण बंद, किंवा मग "आमच्याकडचं खाऊ नका" असं स्पष्ट सांगायचं. मधलं काही नाही. आणि तरीही जेवताना कुणाचे ओठ, जीभ सुजायला लागली, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, धाप, उलटी, चक्कर असं काही दिसलं तर अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. लगेच १०८. त्यांच्याजवळ अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन असेल तर ते आधी. आडवं झोपवा, पाय उंच, धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, काही तासांनी परत उलटू शकतं.

दोन, किडनीचे पेशंट, विशेषतः डायलिसिसवाले. कुणीतरी काकू प्रेमाने म्हणतात "त्यांना सैंधव घालू" (ते पण मीठच आहे) किंवा "लो सोडियम मीठ आणू." ते तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी काम करत नसेल तर ते जिवावर बेतू शकतं. त्यांच्या आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद असतो, तो मागा, आणि त्यात बसत नसेल तर प्रयोग करू नका.

तीन, सीलिअ‍ॅक, जर वेगळी चूल जमत नसेल तर. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं ते प्रथिन. ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही आपल्याकडच्या नियमाने, आणि जिथे तीस किलो कणीक मळली जातेय तिथे हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी तरी नाही.

बी विंगच्या त्या मुलीचं मग असं ठरलं. वेगळ्या चुलीचं जमलं तर तिथली तांदळाची भाकरी, नाही जमलं तर तिची आई घरून डबा आणते, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. मायक्रोवेव्ह नाही, त्यात सगळ्यांचं सांडलेलं असतं. बँकवाले काका एका स्वच्छ पातेल्यात गरम पाणी घेऊन तो बंद डबा त्यात ठेवतात, दहा-पंधरा मिनिटांत जेवण गरम. डबा बाहेरून पुसून, न उघडता तिच्या हातात. पान मांडलेलं असतं, रांगोळी असते, वाढायला सुरुवात होते तेव्हा ती डबा स्वतः उघडते. मागच्या वर्षी आईने उकडीचे मोदक दिले होते, तर शेजारची पोरं तिच्याकडे मागत होती.